दिशेचा अदमास

भिलई आणि मक्का ही शहरे अनुक्रमे सुमारे २१.२ आणि २१.४ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली असल्याने, भिलईतल्या नमाजीने सरळ पश्चिमेकडे तोंड केले की काबा समोर येतो असे सपाट नकाशावरून वाटते. परंतु पृथ्वीच्या गोलाईमुळे काब्याची दिशा, म्हणजे किब्ला, तेथून पश्चिमेच्या सुमारे आठ अंश उत्तरेला पडते. हे गणित ठाऊक नसलेल्याची नमाज व्यर्थ गेली का, या प्रश्नात फिकहचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचे, अनिश्चिततेविषयीचे सारे चिंतन सामावले आहे.

इमाम शाफिई (मृत्यू इ.स. ८२०) यांनी ‘रिसाला’ या ग्रंथात किब्ल्याचेच उदाहरण घेतले आहे: काबा नजरेसमोर असेल तर अचूकता बंधनकारक, नसेल तर तारे, वारे, डोंगर यांच्या खुणांवरून शोध बंधनकारक. या बौद्धिक प्रयत्नाला इज्तिहाद म्हणतात आणि त्यातून येणाऱ्या प्रबळ, तरीही अपूर्ण खात्रीला जन्न किंवा गालिब गुमान. दूरच्या माणसाला काब्याची बाजू साधली तरी पुरे, असे मानणाऱ्या हनफी मताला आठ अंशांची अडचण वाटत नाही, आणि प्रामाणिक शोधानंतर चूक उघड झाली तरी ते नमाज पुन्हा पढायला लावत नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान ज्या शाफिई मताचे आहेत, ते मात्र खुद्द काब्याचाच वेध घ्यायला सांगते आणि चुकीची खात्री पटल्यास फेरनमाज मागते.

सत्याच्या जागी जन्न कामास येत नाही, असे कुराणच (५३:२८) बजावते, हा जन्नवर विसंबण्यावरचा गंभीर आक्षेप होय. याच धर्तीवर फातिमी या शिया खिलाफतीचे न्यायाधीश काजी नुमान (मृत्यू ९७४) यांनी कियास, म्हणजे सादृश्यावरून नवा निर्णय काढण्याची रीत, नाकारून इमामाचा अधिकार प्रमाण मानला. सुन्नी शास्त्रकारांचे उत्तर असे की, निषेध निराधार कल्पनेचा आहे, पुराव्यावर उभ्या अनुमानाचा नव्हे. निष्कर्ष संभाव्य असला, तरी त्यानुसार वागण्याचे कर्तव्य निश्चित असते.

म्हणूनच चुकलेली दिशा माफ करणाऱ्या या सवलतीला शोधाची अट आहे. पोलाद कारखान्याच्या १९५५च्या करारानंतर उभ्या राहिलेल्या भिलईच्या पोलादनगरीत नव्याने आलेल्या माणसाला, शेजारी विचारण्याजोगा जाणकार असताना, केवळ अंदाजाने उभे राहण्याची मुभा हनफी शास्त्रही देत नाही. अपुऱ्या ज्ञानाला ते क्षमा करते, टाळलेल्या चौकशीला करत नाही.