नादकाटा आणि शेवटचा बाक

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा इतिहासाचे अनेक विषय आमच्यापुढे उभे राहिले. महाड, नाशिक, येवला हे सारे आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवीत आलो. तरीही मन पुन्हा पुन्हा विज्ञानाच्या कपाटातील एका वस्तूपाशी येऊन थांबले. ती वस्तू म्हणजे नादकाटा. इतिहासाच्या शिक्षकाने त्यावर का लिहावे, याचे कारण पुढे येईल.

आम्ही आठवीत या शाळेत दाखल झालो. त्यापूर्वीच्या गावच्या शाळेतही विज्ञानाची पेटी होती. ती बहुधा कुलपात असे. उघडली तरी आमच्या वस्तीतील मुलांनी ती लांबूनच पाहायची. इथे मात्र पहिल्याच महिन्यात विज्ञानाच्या सरांनी नादकाटा थेट आमच्या हाती दिला. ‘दांडा धरा, भुजांना बोट लावू नका,’ एवढीच त्यांची सूचना होती. रबरी ठोकळ्यावर हलकेच आपटताच तो गुणगुणू लागला. भुजांची टोके पाण्याने भरलेल्या वाटीला टेकवली, तर थेंब चहूकडे उडाले. ध्वनी म्हणजे कंपन, हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले.

नादकाटा म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा आणि त्याला खाली जोडलेली मूठ. आघात होताच दोन्ही भुजा एकाच वेळी जवळ येतात आणि एकाच वेळी दूर जातात. त्यांची ओढ परस्परविरुद्ध असल्याने मूठ जवळजवळ स्थिर राहते, म्हणूनच ती हातात धरली तरी नाद विझत नाही. आघाताच्या क्षणी एक टणत्कारही उमटतो. त्याची वारंवारिता मूळ स्वराच्या सहापटीहून थोडी अधिक असते. तो लगेच विरतो आणि मागे एकच शुद्ध स्वर उरतो. जोराने आपटल्यास आवाज मोठा होतो, स्वर मात्र तोच राहतो. तो भुजांची लांबी, जाडी आणि धातू यांवर ठरतो. मूठ बाकावर टेकवली की तिची अगदी बारीक वरखाली हालचाल लाकडाला कंप देते आणि सारा वर्ग तो स्वर ऐकतो. अर्थात नादकाट्यातील ऊर्जा त्यामुळे लवकर खर्च होते आणि तो लवकर शांत होतो.

या साधनाचा इतिहासही आम्हांला प्रिय आहे. १७११ साली जॉन शोर या इंग्रज तुतारीवादकाने ते घडविले. पुढे त्यावर पद्धतशीर काम करून १८३४ साली स्वर मोजण्याची रीत मांडणारा योहान शायब्लर हा जर्मनीतील क्रेफेल्ड गावचा रेशीम कारखानदार होता. वाद्य वाजविणारा आणि रेशीम विणवून घेणारा अशा दोघांनी विज्ञानाला एक मोजमाप दिले. आमच्या वस्तीत डफ शेकोटीवर तापवून, कातडे ताणून स्वर चढविणारी माणसे होती. त्यांचे कान कमी तयार नव्हते. त्यांच्या ज्ञानाला मात्र आपल्या समाजाने ज्ञान म्हटले नाही.

पूर्वी युरोपात गावोगावी स्वराचे माप निराळे असे. फ्रान्सने १८५९ साली ४३५ हर्ट्झ हे माप कायद्याने ठरविले आणि १९५५ साली ४४० हर्ट्झला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. आज मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही अगदी बारीक भुजांचा स्फटिकाचा नादकाटा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा मधुमेही रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवून पायाची संवेदना शाबूत आहे का, हे पाहतात.

आणि डॉक्टरांच्या हातातील अशाच एका नादकाट्याने आम्हांला आमची चूक दाखविली.

याच शाळेत आम्ही शिक्षक झालो, त्यानंतरची ही गोष्ट. सातवीतला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसे. काही विचारले की भलतेच उत्तर देई. एकदा आम्ही विचारले, ‘महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला?’ तो उभा राहून म्हणाला, ‘होय सर.’ वर्ग हसला. आम्ही ते हसू थांबविले नाही. उलट ‘ढ’ हा शब्द आमच्याच तोंडून गेला आणि तासभर त्याला उभे ठेवले.

खरे काय ते ओळखले स्वयंपाकघरातील मावशींनी. ‘सर, जेवणाची घंटा झाली तरी हे पोर उठत नाही. बाकीची उठली की मग उठतंय,’ असे त्या म्हणाल्या. आम्ही त्याला जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरांकडे नेले. लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहत होते आणि घरी कानात तेल घालीत, हे तिथे कळले.

डॉक्टरांनी ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून त्याची मूठ मुलाच्या कानामागील हाडावर टेकवली. मुलाचा चेहरा उजळला. त्याला स्वच्छ ऐकू येत होते. तो स्वर थांबला असे त्याने खुणेने सांगताच डॉक्टरांनी भुजा कानाच्या तोंडाशी धरल्या. त्याने नकारार्थी मान हलविली. मग तोच प्रयोग त्यांनी आमच्यावर केला. हाडावरचा स्वर संपल्यावरही कानाशी धरलेला काटा आम्हांला गुणगुणताना ऐकू येत होता. निरोगी कानाला हाडापेक्षा हवेतून अधिक काळ ऐकू येते. त्या मुलाचे उलटे होते. जर्मन वैद्य रिने यांनी १८५५ साली मांडलेली ही तपासणी. पुढे यंत्रावरील तपासणीनेही तेच सांगितले : आतली श्रवणशक्ती शाबूत होती, पडद्याला छिद्रे पडल्याने बाहेरची वाट अडली होती.

परतताना एसटीत आम्ही गप्प होतो. बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे आम्ही दरवर्षी शिकवितो. ज्यांना बुद्धी नाही असे शतकानुशतके म्हटले गेले, त्यांच्या बुद्धीत उणे नव्हते, त्यांची वाट अडविली होती, हेही फळ्यासमोर उभे राहून कितीदा सांगितले असेल! आणि आमच्याच वर्गात एका लेकराची वाट अडलेली असताना आम्ही त्याच्या बुद्धीला नाव ठेवले.

पालकांना आमची विनंती आहे. मूल मागून हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवीत असेल, त्याचा कान वाहत असेल, तर कानात तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. शिक्षकबंधूंनी मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी आपला शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतो का, ते पाहावे.

औषधोपचार आणि शस्त्रक्रियेनंतर तो मुलगा परत आला, तेव्हा आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसविले. क्षमा मात्र मागितली नाही. गुरूने शिष्याची क्षमा कशी मागावी, हा संकोच आडवा आला. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल. बाळा, त्या दिवशी चूक आमची होती. आम्हांला क्षमा कर.

जय भीम.