दोन ओरची पुण्याई

पोस्टाच्या तिकिटावर किमतीचा एकच आकडा असावयाचा, अशी आपली समजूत असते. डेन्मार्कच्या काही तिकिटांवर मात्र दोन आकडे असतात आणि त्यांच्यामध्ये अधिकाचे चिन्ह. १० + ५, २० + १०. पहिला आकडा पोस्टाचा. तेवढ्यात पत्र जाई. दुसरा आकडा परोपकाराचा. तो कोणा रुग्णाच्या, अनाथाच्या किंवा पूरग्रस्ताच्या वाट्याला जाई. हे तिकीट घेण्याची सक्ती कोणावरही नसे. साधे तिकीट त्याच खिडकीवर मिळत असे. तरीही माणूस ते वरचे पाच ओर मोजत असे, यातच या तिकिटांची सारी गंमत आहे. (शंभर ओरचा एक क्रोन, म्हणजे ओर हा तिकडचा पैसाच म्हणा!)

अशा तिकिटांचा संग्रह चाळणे म्हणजे एका छोट्या देशाचे काळीज चाळणे होय. १९२१ साली जुन्याच तिकिटांवर तांबडा क्रूस छापून डेन्मार्कने रेड क्रॉससाठी पैसा उभा केला. १९४१ सालच्या तिकिटावर युवराज्ञी इंग्रिड आहे आणि तिच्याजवळ तान्ही मार्ग्रेट. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा देशात घुसल्या आणि बरोबर एका आठवड्याने ही मुलगी जन्मली. परचक्राच्या अंधारात लोकांनी ते मायलेकींचे चित्र पाकिटावर डकवले. जादा पैसा बालकल्याणाला गेला. १९५३ साली समुद्राने हॉलंड बुडवला, तेव्हा डॅनिश तिकिटावर 'एन. एल.' ही अक्षरे आणि 'अधिक १०' उमटले. १९५७ साली पाळी आली हंगेरीतील पीडितांची. शेजाऱ्याच्या घरी रडारड झाली की आपल्या दारचा टपालवालाही गंभीर व्हावा, तसे हे!

पण या सगळ्यांचा वडीलभाऊ म्हणजे एक कागदी चिटोरे. त्याला पोस्टात काडीची किंमत नाही. तेवढेच चिकटवून पत्र टाकले, तर ते जावयाचे नाही. त्याचे नाव 'यूलेमेर्के', म्हणजे नाताळचे तिकीट. आयनार होल्बॉल नावाच्या पोस्टातील कारकुनाच्या डोक्यातून ते निघाले. नाताळच्या दिवसांत शुभेच्छापत्रांचे डोंगर उपसताना १९०३ साली त्याच्या मनात आले की, या प्रत्येक पाकिटावर आणखी एक स्वस्त चित्र चिकटले तर केवढा पैसा जमेल! राजा नववा ख्रिश्चन याला कल्पना पसंत पडली. १९०४ च्या पहिल्या तिकिटावर त्याच्या दिवंगत राणीचे, लुईझचे चित्र आले. किंमत दोन ओर. त्या एका नाताळात चाळीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. देशाची वस्ती तेव्हा २५ लाखांच्या आसपास!

हा पैसा कोठे गेला ते पाहावयाचे असेल, तर कोपनहेगनहून कोल्डिंगची गाडी धरावी. सपाट, हिरव्या शेतांतून गाडी पळते आणि एकाएकी समुद्राच्या पोटात शिरते. 'मोठा बेल्ट' म्हणतात त्या सामुद्रधुनीखाली आठ किलोमीटरांचा बोगदा आहे. १९९७ पासून गाड्या त्यातून जातात. मग चिमुकले स्प्रोगो बेट, लांबलचक पूल, परीकथाकार अँडरसनचे ओडेन्से आणि शेवटी युटलंडच्या किनाऱ्यावरचे कोल्डिंग. गावाबाहेर खाडीच्या काठी, झाडीच्या कुशीत एक भलीमोठी पांढरी इमारत उभी आहे. पहिल्या तिकिटांच्या पैशातून बांधलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम १९११ साली येथे उघडले. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला अजून तीन दशके अवकाश होता. तोवर औषध म्हणजे मोकळी हवा, ऊन, सकस अन्न आणि विश्रांती. आज तेथे हॉटेल आहे. खाडीकडे तोंड करून मंडळी निवांत कॉफी पीत बसलेली असतात. क्षय गेला म्हणून हॉटेल आले. एखाद्या रुग्णालयाला याहून चांगले मरण कोणते?

कारकुनाची ही कल्पना पुढे समुद्रापार गेली. डेन्मार्कात जन्मलेले पत्रकार जेकब रीस यांनी अमेरिकेत तिच्यावर लेख लिहिला. तो वाचून एमिली बिसेल या बाईंनी १९०७ साली डेलावेअरमध्ये तिकिटे विकली. त्यांना हवे होते ३०० डॉलर. मिळाले सुमारे ३,०००. आपल्याकडेही १९५० पासून भारतीय क्षयरोग संघ दरवर्षी क्षयरोगाची तिकिटे काढत आला आहे. शाळेत गुरुजींनी वाटलेली ती रंगीत तिकिटे पुष्कळांना आठवतील. त्यांचे मूळ त्या डॅनिश कारकुनाच्या टेबलापाशी आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित लोटले, तेव्हा आपल्या पत्रांवर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट लावणे सक्तीचे झाले. काम मोठे होते आणि सक्तीवाचून ते भागतेही ना. पण तो कर होता. कर देणारा मनातल्या मनात हिशेब करतो. दोन ओर आपखुशीने देणारा हिशेब विसरतो.

आता या कथेला एक उदास वळण लागले आहे. ३० डिसेंबर २०२५ रोजी डेन्मार्कच्या सरकारी टपालसंस्थेने शेवटचे पत्र घरपोच केले. चौथ्या ख्रिश्चनच्या काळात, १६२४ साली सुरू झालेला चारशे वर्षांचा परिपाठ संपला. रस्त्यांवरच्या लाल पेट्या उचलल्या गेल्या. २००० साली या संस्थेने सुमारे १४० कोटी पत्रे वाहिली होती. २०२४ साली ती ११ कोटींवर आली. पत्रे पोचविण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले आहे. नाताळची तिकिटे अजून निघतात. त्यांच्या पैशावर चालणाऱ्या गृहांत आता एकाकी, चिडवल्या जाणाऱ्या, मनाने खचलेल्या मुलांना काही आठवडे आधार मिळतो. रोग बदलला, दान टिकले.

पण ते डकवावयाचे कोठे? मोठा धनिक रुग्णालय बांधतो आणि दगडावर नाव कोरतो. दोन ओर देणाऱ्याला दगड नको होता. त्याला फक्त एक पाकीट हवे होते. दान नित्याच्या कामाला चिकटलेले होते, म्हणून ते चाळीस लाख वेळा घडले. त्यासाठी कोणी वेगळे उठून गेले नाही, सभा भरवली नाही, पावती मागितली नाही. पत्र लिहून झाले, जीभ फिरवली, तिकीट लावले आणि विसरून गेले. पाकीट गेले, तरी अशी एखादी विसराळू जागा समाजाला शोधावीच लागेल. कारण गरिबाच्या दानाला वेगळी वाट परवडत नाही. ते त्याच्या रोजच्याच वाटेवर असावे लागते.