ओट्याचा दगड

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात ओट्याचा दगड बहुधा रंग पाहून निवडला जातो. दुकानात लाद्या भिंतीला टेकून उभ्या असतात, त्यांच्यावर पाणी मारलेले असते किंवा वरून दिव्यांचा झोत सोडलेला असतो, आणि अशा वेळी कोणताही दगड देखणाच दिसतो. घरात मात्र तोच दगड आडवा पडतो आणि त्याच्यावर वर्षानुवर्षे चिंचेचा कोळ सांडतो, फोडणीचे तेल उडते, तापलेला तवा उतरतो आणि कडेवर नारळ आपटला जातो. त्यामुळे ओट्याच्या दगडाची निवड ही खरे पाहता त्या घरातील स्वयंपाकाच्या पद्धतीची तपासणी असते, आणि ती करायची तर दगडाच्या बाजारातील नावामागे त्याची घडण काय आहे, तेथपर्यंत जावे लागते.

महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनलेला काळा पाषाण, पसरलेला आहे. पाटा-वरवंटा आणि जाते याच पाषाणातून घडले, कारण तो कठीण असतो आणि गुळगुळीत झाल्यावर टाकी लावून त्याला पुन्हा खरखरीत करता येते. परंतु लाव्हा थंड होताना आकसतो व त्याला भेगा पडतात, त्यामुळे या पाषाणाच्या लांब, पातळ आणि सलग लाद्या सहजासहजी निघत नाहीत. जमिनीवरची चूल जाऊन उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, तेव्हा त्याचा दगड प्रामुख्याने बाहेरूनच आणावा लागला. आंध्र प्रदेशातील ज्या जिल्ह्याचे नाव त्याला चिकटले तो काळा कडप्पा, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी आणि राजस्थानातला कोटा हे तिन्ही चुनखडक आहेत. पाण्याखाली थरावर थर साचून ते तयार झालेले असल्यामुळे थरांच्या रेषेत सुटतात आणि फारशी कापाकापी न करता त्यांच्या फरशा मिळतात. दोन उभ्या कडप्प्यांवर एक आडवा कडप्पा टाकून गवंड्याने उभारलेला ओटा अनेक जुन्या घरांत अजूनही भक्कम आहे, आणि नूतनीकरणाच्या पहिल्याच दिवशी तो घणाने फोडून टाकण्यापूर्वी निदान त्याचे आधार तरी वापरता येतील का, हे पाहिले जावे.

चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट आहे. संगमरवर म्हणजे भूगर्भातील उष्णता आणि दाब यांमुळे चुनखडकाचेच रूपांतर होऊन बनलेला दगड. म्हणून मकराण्याचा शुभ्र संगमरवर आणि चाळीतल्या ओट्याचा काळा कडप्पा रसायनाच्या दृष्टीने सख्खे नातलग ठरतात. लिंबातले सायट्रिक आम्ल, चिंचेतले टार्टारिक आम्ल, कोकमाचे आगळ, ताक, व्हिनेगर यांपैकी काहीही पडले की पृष्ठभागाचा अत्यंत पातळ थर विरघळतो. कापलेले अर्धे लिंबू संगमरवरावर पालथे राहिले, तर उचलल्यावर त्या जागी एक फिकट वर्तुळ उरते. समोरून पाहता ते दिसतेच असे नाही, पण खिडकीच्या बाजूने तिरप्या उजेडात पाहिले की झिलई नेमकी तेवढ्याच गोलात उडालेली दिसते आणि बोट फिरवल्यास किंचित खरखर लागते. हा डाग नव्हे. डाग म्हणजे दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत बाहेरचा रंग किंवा तेल मुरणे, आणि येथे तर दगडच खाल्ला गेलेला असतो. म्हणून साबण, सोडा, घासणी यांपैकी कशानेही ते वर्तुळ जात नाही, फक्त पुन्हा पॉलिश केल्यानेच जाते. संगमरवर पाणी फार पितो हा समजही तपासून घेण्याजोगा आहे. अमेरिकी मानकांत संगमरवरासाठी जलशोषणाची कमाल मर्यादा वजनाच्या ०.२० टक्के, तर ग्रॅनाइटसाठी ०.४० टक्के धरलेली आहे. म्हणजे संगमरवराची अडचण शोषणाची कमी आणि आम्लाची अधिक आहे, आणि छिद्रे बुजवण्यासाठी दगडावर लावले जाणारे सीलर हे द्रव्य आम्लापासून त्याचे रक्षण करीत नाही. विक्रेते हा भेद क्वचितच सांगतात.

कडप्प्यालाही आम्ल खातेच, परंतु तो मुळात आरशासारखा चकाकत नसल्यामुळे त्याची झीज सर्वत्र सारखी पसरते, आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवला की काळेपणा परततो. ज्यांना संगमरवरच हवा आहे, त्यांनी याच कारणासाठी चकचकीत पॉलिशऐवजी मंद, निस्तेज घासणीचा पृष्ठभाग मागावा. त्यावर आम्लाच्या खुणा उठतात, पण डोळ्यांत भरत नाहीत.

ग्रॅनाइट हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. शास्त्रीय अर्थाने ग्रॅनाइट म्हणजे भूगर्भात शिलारस सावकाश थंड होऊन बनलेला, गारगोटी, फेल्स्पार आणि अभ्रक यांचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतील असा खडक. खनिजांच्या कठीणपणाची मोज श्रेणी १ ते १० अशी मोजली जाते. तीत संगमरवरातले कॅल्साइट ३ वर, फेल्स्पार ६ वर आणि गारगोटी ७ वर येते, तर स्वयंपाकघरातील सुरीचे पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास असते. सुरी संगमरवराला ओरखडते आणि ग्रॅनाइटवर स्वतःच बोथट होते, ते या अंतरामुळे. आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात चिमाकुर्तीच्या खाणींतून येणारा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ ग्रॅनाइट म्हणून विकला जात असला, तरी भूशास्त्र त्याला गॅब्रोच्या कुळात बसवते आणि त्याचे ठिपके ब्राँझाइट या खनिजाचे असतात. ओट्यासाठी हे कूळ तितकेच टिकाऊ आहे, त्यामुळे नावाच्या या सैलपणाने ग्राहकाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते करड्या, हलक्या दगडाला काळा रंग पाजून तो जातिवंत काळा म्हणून गळ्यात मारला जातो तेव्हा. पांढऱ्या फडक्यावर नखांचा रंग काढण्याचे द्रव्य, म्हणजे अ‍ॅसिटोन, घेऊन ते लादीवर जोराने घासावे. फडके काळे झाले तर ती लादी घेऊ नये. याहून खात्रीचा उपाय म्हणजे निवडलेल्या लादीचा तुकडा मागून घरी आणणे आणि त्यावर एका बाजूला लिंबाचा रस, दुसऱ्या बाजूला हळद घातलेले तेल रात्रभर ठेवणे.

अलीकडे ज्याचा आग्रह सर्वाधिक धरला जातो, तो ‘क्वार्ट्झ’ खाणीतून लादीच्या रूपात येत नाही. गारगोटीचा चुरा वजनाने सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक, बाकी पॉलिएस्टर रेझिन म्हणजे कृत्रिम राळ आणि रंगद्रव्य, असे मिश्रण निर्वात अवस्थेत हादरे देऊन दाबले जाते आणि मग तापवून घट्ट केले जाते. हे तंत्र इटलीतील ब्रेटन या कंपनीने विकसित केले आणि पुढे जगभर पसरले. या लादीला लिंबू-चिंच बाधत नाही, सीलर लागत नाही आणि सगळ्या लाद्या एकसारख्या मिळतात. तिचे मर्म त्या थोड्याशा राळेत आहे. गारगोटीला स्वयंपाकघरातील कोणतीही उष्णता काही करू शकत नाही, पण राळ साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे धोक्यात येते, आणि भाकरीचा तवा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तो थेट टेकला की पांढुरका किंवा पिवळट चट्टा उठतो, जो घासून निघत नाही. सततच्या उन्हानेही राळ पिवळते, म्हणून गच्चीलगतच्या उघड्या ओट्यावर ही लादी बसवू नये. हळदीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. हळदीचा रंग असलेले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते, त्यामुळे फोडणीचा शिंतोडा नुसत्या ओल्या फडक्याने पुसला तर पिवळेपणा मागे राहतो. त्यावर अल्कधर्मी साबण पडला तर तो लालसर होतो, कारण चुन्याने हळदीचे कुंकू होते त्यामागचे रसायन हेच आहे. पांढऱ्या क्वार्ट्झवरचा असा डाग ताजा असतानाच निघतो.

या सगळ्याचा विचार करता, रोज फोडणी, तवा आणि चिंच असणाऱ्या मराठी स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला गडद ग्रॅनाइटला आजही तोड नाही. क्वार्ट्झची हौस असेल तर ती समोरच्या कोरड्या ओट्यावर भागवावी. दोन ओट्यांना दोन दगड वापरण्यात काही विसंगत नाही. अ‍ॅक्रिलिक आणि खनिज भुकटी यांची सलग लादी सांधा न दिसता जोडता येते व ओरखडा घासून काढता येतो, पण उष्णतेला ती क्वार्ट्झहूनही हळवी असते. हॉटेलांतला ३०४ प्रतीच्या पोलादाचा ओटा घरातही निर्धास्तपणे चालतो, मात्र त्यावर ओरखडे उठणारच, हे मान्य करूनच तो घ्यावा.

दगड कितीही चांगला असला, तरी ओटा बिघडतो तो कापणीत आणि मापात. सिंकच्या समोर दगडाची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि लादी उचलताना ती तेथेच मोडते. सिंकच्या खाचेचे कोपरे काटकोनात कापले तर ताण त्या टोकांवर एकवटतो व पुढे भेग तेथूनच निघते, म्हणून कोपरे गोलसर ठेवणे हे कारागिराकडून आग्रहाने करून घेण्याचे काम आहे. उंचीचे मापही असेच निसटते. जुन्या फरशीवरच नव्या टाइल बसवल्या की जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. उलट ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःची काही इंच उंची घेऊन येते, त्यामुळे माप स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून भांड्याच्या काठापर्यंत घ्यावे, छापील आकृतीवरून घेऊ नये.

कापणीचा आणखी एक पैलू दगडाच्या तुलनेत क्वचितच धरला जातो, आणि तो धरला जायलाच हवा. गारगोटी म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन साचली की सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. संगमरवरात सिलिका फार थोडी, ग्रॅनाइटमध्ये बरीच आणि कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सर्वाधिक असते. कारागिरांमध्ये हा आजार वाढल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणी यांवर बंदी घातली. आपल्याकडे सिंकची खाच पुष्कळदा बंद सदनिकेतच, ग्राइंडरने कोरडी कापली जाते आणि कापणाऱ्याच्या तोंडाला फार तर रुमाल असतो. सिंक आणि शेगडी लादीची मागणी देण्यापूर्वीच विकत घेतली, तर त्यांच्या मापाच्या खाचा कारखान्यात पाण्याच्या धारेखाली कापून आणता येतात. जागेवर जे थोडे घासकाम उरते ते पाणी सोडत आणि धूळ गाळणारा मुखवटा लावूनच व्हावे, अशी अट मजुरीच्या बोलणीतच घातली जावी, आणि त्यासाठी लागणारे जादा पैसे घरमालकाने द्यावेत.