भिंतीपलीकडची उपासना

चेन्नईत माधवरम हाय रोडवर के. के. आर. नगर नावाची वस्ती आहे. तिथे पेंटेकॉस्टल पंथाचं एक प्रार्थनागृह होतं आणि त्यात ड्रमसेट, गिटार, ध्वनिक्षेपक असा सगळा सरंजाम होता. शेजारच्या रहिवासी संघाने मे 1996 मध्ये तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली, की या आवाजाने रोजचं जगणं अवघड झालं आहे. मंडळाने पोलिसांना कळवलं, आवाज मोजला गेला आणि वाद मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. चर्चचं म्हणणं होतं की तक्रारीमागचा खरा हेतू एका अल्पसंख्य पंथाची उपासना थांबवण्याचा आहे, आणि आवाज म्हणाल तर हमरस्त्यावरच्या वाहनांचाच जास्त आहे. 30 ऑगस्ट 2000 रोजी न्या. एम. बी. शाह आणि न्या. एस. एन. फुकन यांनी चर्चचं अपील फेटाळलं. दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही, हा त्या निकालाचा गाभा. निकालात तान्ह्या मुलांच्या झोपेचा विचार आहे, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचाही आहे.

हा निकाल मी वाचला तो आमच्या वस्तीत तसाच प्रसंग उभा राहिला तेव्हा. पुण्याच्या उपनगरातली आमची सोसायटी. कंपाउंडला लागून एक दुमजली इमारत आहे. तिच्या खालच्या गाळ्यांत दुकानं आहेत आणि वरच्या हॉलमध्ये पूर्वी शिकवणीचे वर्ग चालायचे. ते बंद पडले आणि हॉल एका नव्या ख्रिस्ती मंडळीने भाड्याने घेतला. रविवारी सकाळी दोन उपासना, बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा, महिन्यातून एकदा रात्रीचं जागरण. ड्रम, कीबोर्ड, माणसाच्या छातीएवढे दोन स्पीकर. वर पत्र्याचं छत, खाली गुळगुळीत फरशी, त्यामुळे प्रत्येक ठोका आमच्या भिंतीत उतरायचा. शेजारच्या विंगमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया होऊन नुकतेच घरी आलेले एक गृहस्थ होते. वरच्या मजल्यावरची मुलगी रुग्णालयात रात्रपाळी करून सकाळी झोपायला यायची. दुचाकी आमच्या फाटकापुढे लागायच्या आणि रुग्णवाहिकेला वाट करून द्यायची तर आधी चार मालक शोधावे लागायचे. त्रास खरा होता. धार्मिक सलोख्याच्या नावाखाली त्याला किरकोळ ठरवणं मला मान्य नाही.

पण सोसायटीची बैठक भरली आणि आवाजाचा विषय पहिल्या दहा मिनिटांतच मागे पडला. कोणी म्हणालं, ‘‘आज गाणी आहेत, उद्या धर्मांतरं सुरू होतील.’’ कोणी म्हणालं, ‘‘या लोकांना एकदा जागा दिली की संपलं.’’ एका तरुणाने तर मुलं जमवून खाली जाऊन ‘समजावण्याची’ तयारी दाखवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तोवर गप्प बसल्या होत्या. माहेर अहमदनगरचं, घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या देवळात पेटी-तबल्यावर भजनं होतात. हे ड्रम मलाही सोसत नाहीत. तक्रारीवर माझी सही पहिली घ्या. पण तुम्ही ‘हे लोक’ म्हणता ना, त्यात मीही येते, एवढं लक्षात ठेवा.’’ खोली शांत झाली. त्यांच्या त्या वाक्याने आमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न ठेवले. आवाज किती आहे, हा एक. आणि शेजारी कोण असावा हे आपण ठरवणार का, हा दुसरा. पहिला विचारायचा आम्हांला पूर्ण हक्क होता. दुसरा विचारायचा हक्क कुणालाच नसतो.

ही माणसं इतक्या मोठ्याने प्रार्थना का करतात, हे मला समजून घ्यावंसं वाटलं. पेंटेकॉस्टल उपासनेत सगळे एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करतात, रडतात, हात उंचावतात. या चळवळीचा उगम सांगताना अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहराच्या अझुसा स्ट्रीटवर 1906 साली भरलेल्या सभांचं नाव घेतात. तिथेही जुन्या, पडीक इमारतीत सभा भरत, आणि शेजाऱ्यांच्या रात्री या आरड्याओरड्याने खराब होतात अशी बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्राने छापली होती. पण त्याच्याही आदल्या वर्षी, जून 1905 च्या अखेरीस, हे सारं आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावात घडलं होतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणि स्त्रिया मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना करू लागल्या. या चळवळीच्या आरंभाचा इतिहास लिहिणारे आज केडगावची नोंद आवर्जून घेतात.

त्या मुली कोण होत्या हे आठवलं की त्या आवाजाकडे बघण्याची नजर बदलते. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, नवरा गेल्यावर घराच्या कोपऱ्यात बसवलेल्या, मोठ्याने बोलू नये अशी शिकवण मिळालेल्या त्या मुली. रमाबाईंनी त्यांना अन्न दिलं, अक्षर दिलं, हातांना काम दिलं. कोणी आपलं ऐकतं आहे या विश्वासाने त्या मोकळ्या गळ्याने बोलल्या, ते बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. आमच्या शेजारच्या हॉलमध्ये येणारी माणसंही बरीचशी तशीच होती. धुणीभांडी करणाऱ्या बाया, रखवालदार, रिक्षाचालक, घरापासून दूर राहून नोकरी करणारी तमिळ आणि ईशान्येकडची तरुण मुलं. आठवडाभर ‘हो साहेब’, ‘हो ताई’ म्हणणाऱ्या माणसाला एक दिवस आकाशाशी मोठ्याने बोलावंसं वाटलं, तर त्या गरजेचा मी मान राखतो.

पण केडगावात ध्वनिक्षेपक नव्हता, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. माणसाच्या गळ्याला निसर्गाने मर्यादा घातलेली आहे. शंभर माणसं एकत्र गायली तरी त्या आवाजात माणूस ओळखू येतो, आणि गळे थकले की तो थांबतो. विजेवरचा स्पीकर थकत नाही. ध्वनी प्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 55 वरून 75 वर जाताना ती शंभरपट होते. त्यातही ड्रमचा आणि बासचा खालचा सूर भिंतीने अडत नाही. शब्द भिंतीपाशी थांबतात, ठोके पलीकडे जातात. शेजाऱ्यापर्यंत प्रार्थना पोहोचतच नाही, पोहोचतो तो फक्त धक्का.

मराठी ख्रिस्ती परंपरेला तर या बाबतीत बाहेरून काही शिकण्याची गरज नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. टाळ, पेटी आणि मोकळा गळा एवढ्यावर ती भक्ती उभी राहिली आणि महाराष्ट्रात घरोघर गायली गेली. मोठ्या यंत्राशिवाय देवाचं नाव दुबळं होतं असं त्या परंपरेतल्या कुणाला वाटलं नाही. नव्या मंडळ्यांनी जुनीच गाणी गावीत असा माझा आग्रह नाही. वाद्य त्यांनी त्यांना हवं ते निवडावं, फक्त ते आपल्या भिंतींच्या आत राहील याची जबाबदारीही घ्यावी.

आम्ही पाच-सहा जण त्या मंडळीच्या पाळकांना भेटायला गेलो. काकू सोबत होत्या. पाळक सोलापूरकडचे, आठवडाभर एका कारखान्यात नोकरी करणारे. ते म्हणाले, ‘‘काका, आम्हांला जागा कोण देतं? तीन ठिकाणांहून उठवलं. इथे तर पहिल्याच दिवशी कोणीतरी फोटो काढत होतं. आम्हांला वाटलं, आवाज हे निमित्त आहे.’’ त्यांची भीती खरी होती. शहरात प्रार्थनागृहासाठी जमीन घेणं गरीब मंडळीच्या आवाक्याबाहेरचं असतं. परवानग्यांची वाट लांब असते. म्हणून उपासना दुकानाच्या गाळ्यात, बंगल्याच्या तळमजल्यावर, भाड्याच्या हॉलमध्ये येते, आणि या जागा बांधताना ड्रमचा विचार कोणीही केलेला नसतो. आम्ही त्यांना रात्रपाळीच्या मुलीबद्दल सांगितलं, शस्त्रक्रिया झालेल्या गृहस्थांबद्दल सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘आजारी माणसासाठी आम्ही वर प्रार्थना करतो आणि खाली त्यांनाच झोपू देत नाही, हे बरोबर नाही.’’

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. सकाळच्या पहिल्या उपासनेतून ड्रम गेले. मोठ्या स्पीकरांच्या जागी लहान आले आणि त्यांची तोंडं आतल्या बाजूला वळली. भिंतींना जाड पडदे लागले. दुचाकी समोरच्या मोकळ्या जागेत लागू लागल्या आणि फाटकापाशी मंडळीतला एक तरुण उभा राहू लागला. रात्रीच्या जागरणात मात्र दहाची वेळ अजूनही कधी कधी ओलांडली जाते, मग आम्ही फोन करतो आणि आवाज उतरतो. सोसायटीतल्या काहींना ती मंडळी तिथे नकोच आहे आणि ते तसं स्पष्ट बोलतात. त्यांच्याशी माझा वाद आहे, आणि तो चालू राहील.

तो वाद असा. धर्मांतर बेकायदा होत असल्याचा पुरावा कुणापाशी असेल, तर त्यासाठी वेगळं दार आहे. आवाजाच्या तक्रारीत तो संशय मिसळला की दोन्ही गोष्टी बिघडतात. त्रासलेल्या माणसाची साधी तक्रार द्वेषाची वाटू लागते, आणि द्वेषाला तक्रारीचं सभ्य रूप मिळतं. जमाव घेऊन प्रार्थना बंद पाडणं हा तर सरळ गुन्हा आहे. के. के. आर. नगरच्या रहिवाशांनी आपलं म्हणणं प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे ठेवलं, मोजणी होऊ दिली आणि न्यायालयाची वाट पाहिली. म्हणून तो निकाल आज देशभर आधाराला घेता येतो.

चर्चने त्या खटल्यात मांडलेली शंका न्यायालयात टिकली नाही, पण आपल्या प्रत्येक वस्तीने ती स्वतःला विचारून पाहावी. आमच्याकडे गणपतीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, दहीहंडीला खिडक्यांच्या काचा थरथरतात, नवरात्रात नऊ रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. त्याच शस्त्रक्रिया झालेल्या गृहस्थांनी त्याच खोलीत तेही सोसलं, आणि तेव्हा बैठक बोलावली गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने या बाबतीत पक्षपाताला जागा ठेवलेली नाही. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट 2016 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांनी सांगितलं, की ध्वनिक्षेपक वापरणं हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांनी मशिदींच्या भोंग्यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा जानेवारी 2025 मध्ये न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांनी तेच तत्त्व सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना लावलं आणि तक्रारदाराची ओळख उघड करू नये असं पोलिसांना बजावलं. चेन्नईत चर्च होतं, कुर्ल्यात मशीद होती, ठाण्याच्या याचिकेत उत्सवांचे मांडव होते. मोजमाप सगळीकडे एकच.

संविधानाचं पंचविसावं कलम धर्माचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालतं. झोप हा आरोग्याचाच भाग आहे. झोपणाऱ्याचा धर्म कायदा विचारत नाही, तसा प्रार्थना करणाऱ्याचाही विचारू नये.

नव्या जागेत उपासना सुरू करणाऱ्या प्रत्येक मंडळीला माझी विनंती आहे, की पहिली सभा भरवण्याआधी शेजारच्या दारांवर जा, आत कोण आजारी आहे, कोण रात्रपाळीला आहे ते विचारा, आणि तुमचा फोन नंबर देऊन या. आणि शेजाऱ्यांना विनंती आहे, की तक्रार जरूर करा, पण अर्जात पंथाचं नाव लिहू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, डेसिबल लिहा. तोच अर्ज आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या मांडवासाठी लिहायची तयारी असेल, तरच त्यावर सही करा.