श्रेयाची दुसरी हांक

कठोपनिषदांत नचिकेत्यापुढें श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग येतात. ही निवड जन्मांत एकदांच करावी लागते, असा पुष्कळांचा समज असतो. आम्हांस तो खरा वाटत नाहीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें चरित्र पाहावें. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, हें वाचकांस ठाऊक आहेच. जात व आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाईंच्या वांट्यास कित्येक वर्षांचा वियोग आला. एवढें मोल दिल्यावर माणूस विसांवला, तर त्यास कोण नांवें ठेवील? मिशनची नोकरी होती, कवि म्हणून कीर्ति होती.

परंतु १९१७ सालीं, वयाचीं पंचावन्न वर्षें उलटल्यावर, म्हणजे आमच्यासारखे शाळामास्तर पेन्शनचा हिशेब मांडतात त्या वयांत, त्यांनीं ती नोकरी सोडली, संन्यास घेतला व साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्तास गुरु मानणाऱ्यास, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तेथें स्थान होतें. पुढें १९१९ च्या मे महिन्यांत टिळक निवर्तले. दरबारास त्यांचीं दोन वर्षेंही पुरतीं लाभलीं नाहींत. म्हणून ती निवड व्यर्थ होती, असें मात्र कोणी म्हणूं नये.

पहिल्या वेळीं त्यांनीं आप्तांचा आधार सोडला, दुसऱ्या वेळीं पगाराचा. पंथांत प्रवेश झाला म्हणजे शिष्यत्व पुरें झालें, असें त्यांनीं मानिलें नाहीं. आमचा धर्म निराळा. पण प्रश्न तोच. संध्या-पूजा यथासांग चालली आहे. परंतु आपण वाट चालत आहों, कीं वाटेच्या तोंडाशीं घर बांधून बसलों आहों?