तांदळाच्या पंढरीत

मनिलाला जाणारी आपली मंडळी बहुधा बाजार आणि समुद्रकिनारे पाहून परततात. पण हाताशी एखादा दिवस असेल, तर दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवरचं लॉस बान्योस जरूर पाहा. गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं. मागे माकिलिंग डोंगर, समोर मोठं सरोवर आणि मधे हिरवीगार भातखाचरं. आमच्या सौ.ना तर थेट कोकणात आल्यासारखं वाटलं!

इथेच १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, म्हणजे ‘इरी’, स्थापन झाली. सव्वा लाखाहून अधिक भातांचं बियाणं तिथे थंडीत जपून ठेवलंय. आपले डॉ. स्वामिनाथन १९८२ ते १९८८ या काळात संस्थेचे महासंचालक होते. संस्थेचा सुप्रसिद्ध वाण ‘आयआर-८’ हा १९६६ सालचा. इंडोनेशियाचा उंच भात आणि तैवानचा बुटका, यांचा हा संकर. उंच भात खत घातलं की आडवा पडे. हा ताठ उभा राही.

किती टन पिकलं हे मोजणं सोपं. त्या बियाण्याने माणसांचं काय झालं, हे कसं मोजायचं? इरीच्या लोकांनी १९६६ पासूनच मध्य लुझॉनमधल्या हमरस्त्यालगतच्या शेतकऱ्यांना गाठून विचारायला सुरुवात केली. किती पिकलं, मजूर किती लागले, खर्च किती झाला? दर चार-पाच वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न. पावसाळी पीक हेक्टरी सुमारे दोन टनांवरून १९८० नंतर चार टनांच्या आसपास गेलं. पण त्याच काळात कालव्यांचं पाणी वाढलं, १९७२ चा कूळकायदाही आला. मग श्रेय बियाण्याचं किती, पाण्याचं किती आणि कायद्याचं किती?

लॉस बान्योस ज्या लागुना प्रांतात आहे, तिथली एक गोष्ट हायामी आणि किकुची या जपानी अर्थशास्त्रज्ञांनी नोंदवली आहे. पूर्वी कापणीला गावातलं कोणीही यावं, कापून झोडून द्यावं आणि सहावा वाटा घरी न्यावा, अशी रीत होती. तिला ‘हुनुसान’ म्हणत. आपल्याकडच्या खळ्यावरच्या वाट्यांची आठवण यावी अशीच. नव्या वाणाने पीक वाढलं, तसा सहावा वाटाही भरघोस झाला आणि मालकांच्या डोळ्यांवर येऊ लागला. गावात हात वाढले होते, मजूर स्वस्तात मिळत होते. मग ‘गामा’ आली. जो फुकट बेणणी करील, त्यालाच कापणीचा हक्क! वाटा सहावाच राहिला, पण त्यात बेणणीची मेहनत फुकट गेली, आणि बाकीच्यांना बांधावरूनच परत फिरावं लागलं.

दुसरी बाजूही आहे. वाढलेल्या उत्पन्नातून शेतकऱ्यांनी मुलांना शिकवलं. पुढे ती मुलं शहरात नोकऱ्यांना लागली आणि घरं शेतीबाहेरच्या पैशावर चालू लागली. हे आपल्याला परकं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांची कॉलेजची फी गावाकडच्या शेतातूनच आली होती! पण आपल्या त्याच शेतात राबणाऱ्या गड्याचा मुलगा कुठवर शिकला, हे किती जणांना ठाऊक आहे?

नव्या वाणाचे आकडे वाचताना आता हा प्रश्नही विचारायला हवा, की खळ्यावर कोणाला बोलावलं आणि कोणाला नाही. त्याचं उत्तर एका हंगामात मिळत नाही. त्यासाठी त्याच दारात पुन्हा पुन्हा जावं लागतं.