यंत्रकीटकाचा शिधा

गेल्या भाद्रपदात आमच्या तासाला यंत्रकीटकांचा विषय निघाला. अभ्यासक्रमात तो नव्हता. परंतु पुस्तकाबाहेरचे चार शब्द सांगितल्याखेरीज आमचा तास आम्हांसच गोड लागत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली उडवून दाखविलेली अवघ्या ८० मिलिग्रॅम वजनाची माशी, सेकंदास १२० वेळा हलणारे तिचे पंख, आणि पुढेमागे अशा माश्या फुलांचे परागीभवनही करतील ही आशा, हे सारे आम्ही मोठ्या रंगात येऊन वर्णिले. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जवळ आला व हळूच म्हणाला, "सर, मग आमच्या आईच्या रोजाचं काय?"

आम्ही निरुत्तर झालो. जालना हे संकरित बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' स्थापन केली ती येथेच. बीजोत्पादनाच्या शेतांत माशीचे काम बायकांचे हात करतात, हे आम्ही ऐकून होतो. पाहिले मात्र कधी नव्हते. म्हणून शनिवारी सायंकाळी त्या मुलाच्या गावी गेलो आणि मुक्कामच केला.

भेंडीचे शेत होते. उद्या उमलणारी कळी नेमकी हेरून त्याची आई नखाने तिचे पुंकेसर अलगद सोलून काढी व वर कागदाची टोपी चढवी. कुक्षीला ओरखडा म्हणून नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल घेऊन ती टोप्या काढी, पराग टेकवी व पुन्हा झाकी. इंग्रजी ग्रंथांत आम्ही जिला सूक्ष्म हस्तकौशल्य म्हणून वाचले, ती विद्या येथे रोजंदारीवर चालली होती.

मुलाने आमच्या माशीची हकीकत सांगितली. हात न थांबविता बाईंनी विचारले, "पर ते खातंय काय, सर?"

आम्ही चकित झालो. कारण या शास्त्राचे सारे घोडे अडले आहे ते इथेच. २०१३ची माशी बारीक तारेने बांधलेली होती, वीज तारेतून येई. २०१९ साली ती तार तोडून उडाली खरी, पण सूर्याच्या तिप्पट प्रखर दिव्याखाली आणि जेमतेम अर्धा सेकंद. एवढ्याशा देहाला पुरेल इतकी वीज साठविणारी बॅटरी त्या देहाला पेलत नाही. खऱ्या माशीला मात्र मकरंदाचा एक थेंब पुरतो. २०२० साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ८८ मिलिग्रॅमचा एक भुंगा तयार झाला. त्याच्या पोटात मिथेनॉल हे स्पिरिट भरतात. त्याची वाफ प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या तारेवर ज्वाळेविना जळते, तार तापून आखडते, निवून सैलावते, आणि भुंगा तारेवाचून व बॅटरीवाचून पाऊल टाकतो. उडत नाही, चालतो.

हे आम्ही शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितले. "म्हंजे दारूच की," बाई हसल्या. "पिऊन ते या ओळीतून त्या ओळीत नीट जाईल का?"

आणि पुढच्या टोपीकडे वळल्या.